तारीख बरोबर, वेळ बरोबर. मग भाऊ बोलत का नाही?

(एका वाचक भगिनीच्या पत्राचा सारांश. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.)

पत्र लिहिणाऱ्या बाई हिशेबतपासणीचं काम करतात. सात वर्षांपूर्वी एका रात्री त्यांच्या वडिलांना हृदयविकाराचा झटका आला. मोठा भाऊ दुसऱ्या शहरात होता. रुग्णवाहिका बोलावण्यापासून दाखल करण्यापर्यंतची धावपळ बाईंनी केली. वडिलांना जिन्यावरून उतरवताना शेजारच्या काकांनी हात दिला. भाऊ सकाळी सहाला पोहोचला. पुढचे दहा दिवस तो रुग्णालयातच होता, शस्त्रक्रियेच्या कागदांवर सहीही त्याचीच. हा प्रसंग तो आधी "आम्ही बाबांना घेऊन धावलो" असा सांगायचा. हळूहळू त्यातल्या 'आम्ही'चा 'मी' झाला. तीन महिन्यांपूर्वी वडिलांच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाला, भरल्या घरात, त्याने तो पुन्हा सांगितला, डॉक्टरांशी रात्री झालेल्या बोलण्यासकट. बाई मध्येच म्हणाल्या, "दादा, तू तिथे नव्हतास. तू सहाला आलास. माझ्या डायरीत आहे." लोक हसले. भाऊ गप्प झाला. तेव्हापासून त्याचा फोन नाही. आई म्हणते, "खरं असेल, पण ती वेळ होती का?" मुलगी म्हणते, "आई, तू सगळ्यांनाच दुरुस्त करत असतेस." वडील यावर काही बोललेले नाहीत. बाई विचारतात : "खोटं त्याने बोलायचं आणि माफी मी मागायची? वस्तुस्थितीशी तडजोड मला जमत नाही. डायरीत त्या दिवशी लिहिलंय, 'दादा सकाळी सहाला आला. तोवर सगळं मी एकटीने केलं.' त्या पानाचा फोटो त्याला पाठवून विषय संपवावा असं वाटतं. दादा मुळातच खोटारडा आहे की मीच रुक्ष आहे, एवढं सांगा."

*

नमस्कार ताई,

आधी जे निर्विवाद आहे ते मान्य करून टाकू. त्या रात्री तुमचे बंधू तिथे नव्हते. ते सकाळी सहाला आले. कोण कुठे किती वाजता होतं याला दोन बाजू नसतात, त्यामुळे "ज्याचं त्याचं सत्य वेगळं" वगैरे सांगून मी तुमची बोळवण करणार नाही. पत्राच्या शेवटी मात्र तुम्ही माझ्यापुढे दोनच पर्याय ठेवलेत : दादा खोटारडा, नाहीतर तुम्ही रुक्ष. यातला एकही मी उचलणार नाही. एका रात्रीच्या वेळांवरून दोन माणसांच्या स्वभावाचा निकाल द्यायचा, असा अहवाल तुमच्या टेबलावर आला असता तर तुम्ही शेरा मारून परत पाठवला असता.

तेव्हा तुमच्याच पद्धतीने, कागदापासून सुरुवात करते.

डायरीत दोन वाक्यं आहेत. "दादा सकाळी सहाला आला" ही नोंद आहे. ती पडताळता येते. "तोवर सगळं मी एकटीने केलं" ही मात्र नोंद नाही. 'सगळं' म्हणजे काय काय? आणि 'एकटीने' म्हणजे? जिन्यावर काकांनी हात दिल्याचं तुम्हीच पत्रात लिहिलंय. रुग्णवाहिकेतली माणसं होती, रुग्णालयाच्या दारात कर्मचारी होते. काटेकोर तपासणीत हे वाक्य टिकायचं नाही. गंमत अशी की तरीही मला ते खोटं वाटत नाही. त्या रात्री निर्णय घ्यायला तुमच्याखेरीज घरातलं कुणी नव्हतं, आणि निर्णय चुकला असता तर दोष घ्यायलाही कुणी नव्हतं. त्याला 'एकटीने' नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? शब्द योग्य आहे. फक्त 'सहाला' हा शब्द ज्या अर्थाने बरोबर आहे, त्या अर्थाने 'एकटीने' बरोबर नाही.

ही सवलत तुम्ही स्वतःला दिलीत, तीही नकळत. आता ती दादाला देऊन बघा. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे : काय काय बिघडू शकतं त्याची यादी, खाली रुग्णाशी नातं आणि सही. ती सही करून दहा दिवस बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसाच्या मनात ते अख्खं आजारपण "मी धावलो" या दोन शब्दांत साठलं असेल, तर नवल नाही. वेळापत्रक म्हणून ते चूक आहेच.

आपला वाटा आपल्याला मोठा दिसतो, हे नुसतं शहाणपणाचं बोलणं नाही, ते मोजून झालंय. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये नवरा-बायकोंना वेगवेगळं बसवून विचारलं, घरातल्या अमुक कामात तुमचा हिस्सा किती? दोघांच्या उत्तरांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर जात होती. ही फुशारकी असेल म्हणावं, तर भांडण उकरून काढण्यासारख्या वाईट गोष्टींतही लोक आपला हिस्सा जास्तच सांगत होते. कारण साधं आहे. आपण केलेलं आपल्याला चटकन आठवतं. दुसऱ्याने केलेलं पाहायला आपण बहुतेकदा तिथे नसतोच. सहाच्या आधी दादा तुमच्याजवळ नव्हता. सहाच्या नंतरच्या दहा दिवसांत तुम्ही कितपत त्याच्याजवळ होतात, ते पत्रात कुठे नाही.

तुम्ही म्हणाल, वाटा कमीजास्त दिसणं वेगळं, आणि जे ऐकलंच नाही ते डॉक्टरांचं बोलणं शब्दशः सांगणं वेगळं. बरोबर, या मुद्द्यावर थांबायला हवं.

ते बोलणं त्याला सांगितलं कुणी? तुम्हीच सांगितलं असणार, सकाळी सहाला. पुढचे दहा दिवस नातेवाइकांचे फोन आले असतील आणि रुग्णालयात बसलेल्या माणसानेच ते घेतले असतील. म्हणजे गोष्ट घडली तुमच्यासमोर, पण ती पहिल्यांदा पुन्हा पुन्हा सांगितली त्याने. जो सांगतो त्याच्या डोळ्यांपुढे ती दिसू लागते, आणि काही वर्षांनी मनाला 'दिसलेलं' आणि 'पाहिलेलं' यातला फरक सापडत नाही. मर्सिडीज शीन, सायमन केम्प आणि डेव्हिड रुबिन यांनी २००१ मध्ये जुळ्या भावंडांचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला. लहानपणीचा एखादा प्रसंग दोघांनाही लख्ख आठवायचा, आणि दोघांचाही दावा असायचा की तो माझ्याच बाबतीत घडला. दोघांपैकी एकाचं चुकीचं होतं, पण खोटं कुणीच बोलत नव्हतं.

याहून बोलका दाखला जॉन डीन यांचा आहे. हे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे माजी कायदा सल्लागार. जून १९७३ मध्ये वॉटरगेट प्रकरणात, म्हणजे विरोधी पक्षाच्या कार्यालयातली घुसखोरी दडपल्याच्या चौकशीत, सिनेटच्या समितीपुढे त्यांनी २४५ पानांचं निवेदन दिलं. महिनोन्‌महिने आधीची संभाषणं त्यांनी इतक्या बारकाईने सांगितली की त्यांना 'मानवी टेपरेकॉर्डर' म्हटलं गेलं. पुढच्याच महिन्यात कळलं की राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात खराखुरा टेपरेकॉर्डरही चालू होता. साक्ष आणि ध्वनिफीत शेजारी ठेवून तपासायची अशी संधी क्वचित मिळते. मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर यांनी ती घेतली आणि १९८१ मध्ये निष्कर्ष मांडले. १५ सप्टेंबर १९७२ च्या भेटीबद्दल डीन यांनी सांगितलं होतं की राष्ट्राध्यक्षांनी मला बसायला सांगितलं, माझ्या कामाचं कौतुक केलं, आणि श्रेय माझं एकट्याचं नाही असं मी म्हणालो. ध्वनिफितीत या सुरुवातीतलं जवळपास काहीच तसं सापडलं नाही. जे घडायला हवं होतं असं त्यांना वाटत होतं, ते त्यांच्या स्मृतीने घडवून टाकलं होतं. शिवाय या आठवणींत स्वतः डीन प्रत्यक्षापेक्षा जरा जास्त मध्यभागी उभे होते. आणि एवढं होऊनही साक्षीचा गाभा खरा निघाला : गुन्हा दडपला जात होता आणि निक्सन त्यात सामील होते. ऑगस्ट १९७४ मध्ये त्यांना पायउतार व्हावं लागलं.

डीन यांना काय म्हणायचं? शब्द चुकलेले, स्वतःचं महत्त्व वाढवलेलं, तरी मुद्द्याचं खरं सांगणारा माणूस. 'खोटारडा' आणि 'खरा' या दोनच खणांत तो मावत नाही. तुमचे बंधूही मावत नसावेत. मात्र एक फरक आहे आणि तो मी झाकणार नाही. डीन यांच्या साक्षीत 'कोण बसलं, कोण काय म्हणालं' हा तपशील गौण होता. तुमच्या गोष्टीत 'कोण होतं' हाच गाभा आहे, कारण ज्याला वगळलं गेलं ते माणूस तुम्ही आहात. म्हणून "दादाच्या सांगण्यातला भाव खरा आहे ना, मग सोडून द्या" असा सल्ला कुणी दिला, तर तो मानू नका.

आता त्या 'खोटारडा'कडे येऊ. खोटं बोलणं म्हणजे माहीत असून उलटं सांगणं. दादाला माहीत होतं की नव्हतं, हे तुम्हाला दिसलेलं नाही. तुम्हाला ऐकू आलं ते एक चुकीचं वाक्य. त्या वाक्यावरून त्याच्या मनावर, आणि मनावरून 'मुळातच' या शब्दासह अख्ख्या स्वभावावर, तुम्ही दोन उड्या एका दमात मारल्यात. आपण सगळेच मारतो, कारण भाषा त्या उडीला मदत करते. "त्याने चुकीचं सांगितलं" यात काळ आहे, प्रसंग आहे. "तो खोटारडा आहे" यात काळ उरतच नाही. काल होता, उद्याही असणार. सुसन गेल्मन आणि गेल हेमन यांनी १९९९ मध्ये पाच आणि सात वर्षांच्या मुलांना एका मुलीबद्दल सांगितलं. काहींना सांगितलं की ती जमेल तेव्हा गाजरं खाते, आणि काहींना सांगितलं की ती 'गाजरखाऊ' आहे. नाव लावल्यावर मुलांना तो गुण जास्त पक्का, परिस्थिती बदलली तरी टिकणारा वाटला. पाच वर्षांच्या मुलावर जो परिणाम होतो तो भावाला नाव ठेवणाऱ्या बहिणीवर होत नसेल असं मानायला मला काही आधार दिसत नाही.

स्वभाव नावाची गोष्ट नसतेच असं नाही. पण आपण समजतो तितकी ती एकसंध नसते. ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांनी हजारो शाळकरी मुलांना फसवणुकीची संधी देऊन पाहिली : परीक्षेत, खेळात, घरी नेलेल्या कामात, पैशांच्या बाबतीत. १९२८ मध्ये आलेला त्यांचा निष्कर्ष तेव्हा अनेकांच्या पचनी पडला नाही. एका ठिकाणी लबाडी करणारं मूल दुसऱ्या ठिकाणीही ती करेलच, असं ठामपणे सांगता येत नव्हतं. तेव्हा दादाच्या बाकीच्या व्यवहाराकडे पाहा. पैशांत, दिलेल्या शब्दात, मुलांशी बोलताना तो कसा आहे? तिथेही असंच चालत असेल तर प्रकरण वेगळं. तुमच्या पत्रात मात्र एवढी एकच गोष्ट आहे, तीही सात वर्षं जुनी.

जाता जाता, तुमच्या मुलीच्या वाक्याबद्दल. ती म्हणाली, "तू सगळ्यांनाच दुरुस्त करत असतेस." तिने सवय सांगितली. 'रुक्ष' हे विशेषण त्यात कुठेच नव्हतं, ते तुम्ही स्वतःच स्वतःला चिकटवलंत. दादाला 'मुळातच' लावलंत, स्वतःला 'रुक्ष'. ही घाई दोन्हीकडे सारखीच आहे. सवय बदलता येते, निदान तिला वेळ नेमून देता येते. रुक्षपणाचं कुणी काय करणार?

एक परीक्षा करून पाहा. समजा, त्या दिवशी दादा म्हणाला असता, "मी पाचला पोहोचलो, तोवर माझ्या बहिणीने बाबांना वाचवलं होतं." वेळ चुकलीच की तासाभराने. तुम्ही डायरी काढली असती? मला नाही वाटत. मग ज्याला तुम्ही वस्तुस्थितीचा प्रश्न म्हणता आहात, तो तसा नाही. तुम्हाला हवा होता तो तुमचा उल्लेख, आणि तो हवा असण्यात काहीही कमीपणा नाही. घोटाळा इतकाच झाला की "माझं नाव का घेत नाहीस?" हे विचारायला जड गेलं आणि "तू सहाला आलास" हे म्हणायला सोपं गेलं. तक्रार नोंदीच्या भाषेत बोलली गेली. ऐकणाऱ्यांना नोंद कळली, तक्रार कळली नाही, आणि ते हसले. दादाला तर दोन्हीतलं काहीच ऐकू आलं नसेल. ऐकू आलं ते हसू.

आणि मधली वर्षं? 'आम्ही'चा 'मी' झालेला तुम्ही पहिल्यांदा ऐकलात तेव्हा काय केलंत? एकदा तरी बाजूला घेऊन सांगितलंत? पत्रावरून तसं दिसत नाही. शांतपणे जमा केलेल्या तक्रारी एकदम बाहेर पडतात तेव्हा त्या नेहमी चारचौघांतच पडतात, हा एक वैतागवाणा नियम आहे.

याचा अर्थ नेमकेपणा सोडायचा असा नाही. तो कुठे लावायचा एवढंच ठरवायचं. जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञाने एक छान उदाहरण दिलंय : फ्रान्स षटकोनी आहे, हे विधान खरं की खोटं? सेनापतीला चालेल, भूगोलतज्ज्ञाला चालणार नाही. विधान कुणासाठी, कशासाठी केलंय हे सोडून नुसतं खरं-खोटं विचारलं तर उत्तर निघत नाही. वाढदिवसाच्या गप्पांत सांगितलेली आठवण म्हणजे षटकोनी फ्रान्स.

तुमच्यासारखा स्वभाव असलेल्या, म्हणजे माफ करा, तुमच्यासारखी सवय असलेल्या इतर वाचकांसाठी हेही सांगते की काही ठिकाणी तिथल्या तिथे दुरुस्त करणं हेच बरोबर. डॉक्टर आजाराचा इतिहास विचारत असताना कुणी चुकीचं सांगत असेल तर संकोच न करता मध्ये बोला. झटका कधी आला, कुठलं औषध चालू आहे, कशाची ॲलर्जी आहे यात षटकोन चालत नाही. जमिनीचे, वारशाचे, कर्जाचे तपशील चुकत असतील तर थांबवा. हजर नसलेल्या माणसावर खोटा आळ येत असेल तर चारचौघांतच बोला, कारण त्याची अब्रू तिथेच जाते आहे. आणि एखादा माणूस तुमच्यासमोर घडलेली गोष्ट तुमच्याच तोंडावर वारंवार नाकारत असेल, "तुझ्या डोक्यात काहीतरी फिरतंय" असं म्हणून तुम्हालाच तुमच्या आठवणीबद्दल शंका घ्यायला लावत असेल, तर वर लिहिलेलं स्मृतीचं सगळं विवेचन बाजूला ठेवा. तिथे तारखेनिशी लिहून ठेवा, विश्वासातल्या तिसऱ्या माणसाला वेळच्या वेळी सांगा, आणि समजूत घालत बसू नका. दादाच्या वागण्यात तसं काही दिसत नाही. तुम्ही म्हणालात तेव्हा तो "तूच चुकतेस" म्हणाला नाही. तो गप्प झाला.

आता करायचं काय?

फोटो पाठवू नका. तुमची कल्पना अशी आहे की पुरावा पाहिला की त्याला खरं आठवेल. तसं होत नाही. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर अवकाशयान फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नायसर यांनी, म्हणजे त्याच नायसर यांनी, विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होतात, कुणी सांगितली. अडीच-तीन वर्षांनी निकोल हार्श यांच्यासोबत त्यांनी त्यातल्या ४४ जणांना पुन्हा तेच विचारलं. ११ जणांचं एकही मुख्य उत्तर जुळलं नाही, आणि चुकणाऱ्यांपैकी अनेकांना स्वतःबद्दल पक्की खात्री होती. मग त्यांना त्यांच्याच अक्षरातले जुने कागद दाखवले. मूळ आठवण परत आली नाही. इथे तर अक्षरही दादाचं नाही, तुमचं आहे. त्या फोटोने त्याला फक्त इतकं कळेल की तीन महिन्यांनंतरही तुम्ही पुरावा गोळा करता आहात. शिवाय त्या पानावर ते दुसरं वाक्यही आहे. त्याने ते माझ्यासारखंच वाचलं तर काकांचं नाव काढायला त्याला वेळ लागणार नाही.

सरसकट माफीही नको. "माझंच चुकलं, जाऊ दे" म्हणालात तर फोन सुरू होतील, पण पुढच्या कार्यक्रमात तीच गोष्ट पुन्हा ऐकून तुम्ही पुन्हा पेटाल. आणि वाट पाहणं तर अजिबात नको. अबोल्याला तीन महिने झालेत. तुम्ही दोघंही आपापल्या घरी या वाढदिवसाची आपापली गोष्ट रोज थोडी थोडी पक्की करता आहात.

माफी मागा, पण जेवढी तुमची आहे तेवढीच : ठिकाणाबद्दल आणि सुराबद्दल. सहा वाजल्याबद्दल नाही. निरोप छोटा ठेवा. मी असा लिहीन :

"दादा, त्या दिवशी सगळ्यांसमोर तुला तोडलं, ते मी करायला नको होतं. त्याबद्दल सॉरी. त्या रात्रीबद्दल मला तुझ्याशी बोलायचंय, भांडायला नाही. ती रात्र माझ्या मनातून अजून गेलेली नाही, आणि तू ती सांगताना मी त्यात कुठेच नसते, याचं मला वाईट वाटतं. कधी भेटू?"

यात "तू खोटं बोललास" नाही, "डायरी" नाही, "पण" सुद्धा नाही. "सॉरी, पण" असं लिहिलंत की पहिला शब्द वाया जातो. निरोप पाठवण्याआधी मुलीला वाचून दाखवा. तिचा कान चांगला आहे असं दिसतंय.

भेटलात की विचारण्याची पद्धत सांभाळा. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये सगळ्यांना अपघातांच्या त्याच चित्रफिती दाखवून वेग विचारला. प्रश्नात गाड्या 'जोरात आदळल्या' म्हटलं तर सरासरी उत्तर ताशी ४०.८ मैल आलं, नुसत्या 'एकमेकींना लागल्या' म्हटलं तर ३१.८. प्रश्नातल्या क्रियापदाने उत्तर हलतं. "तू तिथे होतास असं का सांगतोस?" म्हणून सुरुवात केलीत तर समोर आरोपी बसलेला असेल. "तुला फोन आला तेव्हापासून तुला काय काय आठवतंय?" असं विचारा, आणि मध्ये न बोलता ऐका. हे तुम्हाला अवघड जाणार आहे. तो प्रवासात होता त्या तासांबद्दल तुम्हाला काहीच माहीत नाही, हे लक्षात ठेवा. दुसऱ्या शहरातून बाप जगतोय की नाही हे न कळता निघालेल्या माणसाची ती रात्र कशी गेली, हे तुम्ही त्याला कधी विचारलंय का?

मग तुमचं सांगा. "मला आठवतं ते असं" अशी सुरुवात करा. मराठीत आठवण 'मला' होते. तिच्यावर माझा पूर्ण ताबा नाही, हे त्या रचनेतच कबूल केलेलं आहे. याने तुमची बाजू लंगडी होत नाही. जिथे खात्री आहे तिथे वेळ स्पष्ट सांगा, जिथे अंदाज आहे तिथे 'बहुतेक' म्हणा. हा फरक तुम्ही स्वतः पाळलात की तुमच्या 'सहाला' या शब्दाचं वजन वाढतं.

आणखी एक गोष्ट मला पत्रात खटकली. ज्यांच्या जिवावर बेतलं होतं ते वडील सगळ्या प्रकरणात एका ओळीत आले आहेत, तेही "काही बोललेले नाहीत" म्हणून. मुलं भांडताहेत ती रात्र त्यांची आहे. त्यांना सहज विचारा, "बाबा, तुम्हाला त्या रात्रीचं काय आठवतं?" निवाड्यासाठी नको, त्यांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करू नका, आणि ते जे सांगतील ते दादाकडे नेऊ नका. त्यांना काहीच आठवत नसेल, किंवा भलतंच काहीतरी आठवत असेल, आणि तुम्ही दोघंही त्यात नसाल.

राहता राहिला पुढचा कार्यक्रम. तो कधीतरी येणारच आणि कुणीतरी म्हणणारच, "सांगा ना तो किस्सा." तेव्हा दुरुस्ती करायला थांबू नका, आधी तुम्हीच सांगायला लागा. झटका आला तेव्हापासून सहापर्यंतचं तुम्ही सांगा, काकांच्या नावासकट. मग म्हणा, "आणि सहाला दादा आला. पुढचं तो सांगेल." त्याचे दहा दिवस त्याला सांगू द्या. तो सवयीने पुन्हा रात्रीत शिरला तर हसून एवढंच म्हणा, "थांब, ते माझ्याकडचं आहे," आणि पुढे चालू ठेवा. हे आधी त्याच्याशी बोलून ठेवलेलं असेल तर त्याला ते टोचणार नाही. आणि तुमच्या निरोपाला त्याने उत्तरच दिलं नाही तर दोन आठवडे थांबून एकदा फोन करा, तब्येतीची चौकशी करा, त्या रात्रीचा विषय काढू नका. वहिनीला किंवा आईला मध्यस्थ करू नका. निरोप तिसऱ्या तोंडून गेला की त्यात तिसऱ्याचे शब्द मिसळतात, आणि मग काय म्हटलं होतं यावर नवा वाद सुरू होतो.